पणजीची सेंट्रल लायब्ररी : पुस्तकावरचे शिक्के आणि चिऱ्याच्या भिंती

रायबंदरकर

मंडळी, नमस्कार.

गेल्या आठवड्यात पणजीतल्या पाटो भागातल्या लायब्ररीत एक जुनं पोर्तुगीज पुस्तक बघायला मागितलं. अठराव्या शतकातलं, धार्मिक प्रवचनांचं. मला पोर्तुगीज जेमतेम वाचता येतं, त्यामुळे मजकूर फारसा कळला नाही. पण मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर मी अर्धा तास अडकलो, कारण तिथे तीन शिक्के होते. एक फिकट जांभळा, लांबट, त्यावर 'बिब्लिओतेका नासिओनाल द नोव्हा गोवा'. त्याच्या खाली गोल शिक्का, 'बिब्लिओतेका नासिओनाल व्हास्को द गामा'. आणि कोपऱ्यात इंग्रजीतला, 'सेंट्रल लायब्ररी'. कसरीनं पाडलेलं एक बारीक भोक पहिल्या दोन शिक्क्यांमधून आरपार गेलं होतं. ज्या लायब्ररीत मी दहावी-बारावीची अख्खी वर्षं काढली, तिची कुंडली त्या एका पानावर होती.

म्हणून हा धागा. मला माहीत आहे ते लिहितो, तुम्ही भर घाला.

१५ सप्टेंबर १८३२ रोजी व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रु यांनी ही लायब्ररी 'पुब्लिका लिव्रारिया' या नावानं सुरू केली. आजची पणजी ज्या माणसानं उभी केली तोच हा माणूस. दलदल भरून, माड तोडून त्यानं सरळ रस्ते आखले आणि मांडवीच्या काठाजवळ लष्करासाठी लांबलचक इमारत बांधली. आज तिच्या एका बाजूला पोलीस मुख्यालय आहे आणि दुसऱ्या बाजूला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. सुरुवातीला लायब्ररी लष्करी अकादमीला जोडलेली होती. म्हणजे पहिले वाचक बहुधा तोफखान्याचं गणित शिकणारे तरुण असणार.

खरी भर पडली ती दोन-तीन वर्षांनी. पोर्तुगालमध्ये १८३४ साली धार्मिक संघ बरखास्त करण्याचा हुकूम निघाला, गोव्यात तो १८३५ मध्ये लागू झाला आणि जुन्या गोव्यातले मठ ओस पडले. त्यांच्या ग्रंथसंग्रहांतली पुस्तकं पणजीला आली. इमारतीशेजारच्या आझाद मैदानात जो मंडप आहे, आज जिथे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे, त्याचे नक्षीदार खांबही जुन्या गोव्यातल्या दोमिनिकन या धार्मिक संघाच्या पडक्या वास्तूतून आणलेले. एका ओसाड शहराचे खांब मैदानात उभे राहिले आणि पुस्तकं शेजारच्या शहराच्या कपाटांत गेली. लहानपणी मी त्या मंडपात बसून शेंगदाणे खायचो, तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं.

पुढची नावं भराभर सांगतो. १८३६ साली 'बिब्लिओतेका पुब्लिका'. १८९७ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाचा दर्जा आणि माझ्या पानावरचं पहिलं नाव. पणजीला १८४३ मध्ये राजधानी म्हणून 'नोव्हा गोवा' केलं होतं, ते नाव त्यात आलं. १९२५ मध्ये व्हास्को द गामा इन्स्टिट्यूटकडे (आजची मिनेझिस ब्रागांझा) सोपवली, तो दुसरा शिक्का. पुढे पुन्हा वेगळी करून 'बिब्लिओतेका नासिओनाल द गोवा'. मुक्तीनंतर सेंट्रल लायब्ररी. आणि २०१२ पासून पाटोवरच्या नव्या बहुमजली इमारतीत, सोळाव्या शतकातले गोव्याचे कवी कृष्णदास शामा यांच्या नावानं.

मला मात्र आठवते ती इन्स्टिट्यूटमधली. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळला, त्या पावसात माझा बेतीचा मित्र फेरीबोटीनं यायचा, मी रायबंदरहून लांब पाटोवरून, म्हणजे जुन्या बांधाच्या रस्त्यावरून, चालत. दोघंही भिजलेले. आत शिरलं की आवाज एकदम कमी व्हायचा. उंच छत, जाड भिंती, आणि पानं उलटल्याचा आवाज. पोर्चमध्ये निळ्या आझुलेजोच्या, म्हणजे चित्रं रंगवलेल्या चकचकीत पोर्तुगीज फरशांवर बोटी, वादळं, राजे. त्याखाली पोर्तुगीज ओळी. आम्ही त्यासमोर छत्र्या झटकायचो.

तुमच्याकडे काय आठवणी, काय माहिती आहे?

मुंबईकर मराठी

फार छान धागा. एक शंका विचारतो, राग नसावा. 'आशियातली सर्वांत जुनी सार्वजनिक लायब्ररी' असं गोव्याच्या लायब्ररीबद्दल नेहमी वाचायला मिळतं. आमच्या मुंबईच्या एशियाटिकची सुरुवात १८०४ ची आहे. मग कसं?

रायबंदरकर

राग कसला, शंका बरोबरच आहे. १८०४ ला मुंबईत निघाली ती लिटररी सोसायटी, सभासदांची संस्था. तिचा संग्रह थोर आहे, पण तो सभासदांसाठी होता. कलकत्त्याची पब्लिक लायब्ररी १८३६ ची. सरकारनं स्वतः, सार्वजनिक म्हणून नाव देऊन काढलेली लायब्ररी बघायला गेलं तर भारतात १८३२ ची पणजीची सर्वांत जुन्यांपैकी एक ठरते. संपूर्ण आशियाचा दावा मी करणार नाही. आणि हेही खरं, की 'पुब्लिका' असलं तरी सुरुवातीला ती लष्करी अकादमीच्या आवारात होती. गावातला कोणी कुणबी किंवा गावडा तिथे जाऊन बसला असेल असं मला वाटत नाही. दार हळूहळू उघडत गेलं. आमच्यासारखी पोरं तिथे चिखलाच्या चपलांनी बसू शकली, त्याला मुक्ती यावी लागली.

मुंबईकर मराठी

पटलं. धन्यवाद.

चिरेखण

मी सिव्हिल इंजिनीअर, पंचवीस वर्षं जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. त्यामुळे शिक्क्यांपेक्षा भिंतींबद्दल लिहितो.

रायबंदरकर म्हणाले की आत शिरलं की आवाज कमी व्हायचा. तो जांभ्याचा, म्हणजे चिऱ्याच्या दगडाचा गुण. जुन्या सरकारी इमारतींच्या भिंती एवढ्या जाड असतात, की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आरामात बसू शकतो. चिरा खणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनंही तासता येतो, मग हवा लागली की कडक होतो. त्यामुळे इथल्या लोकांना दगड घडवायला पाथरवटाची फार गरज पडली नाही, चिरेखणीवरचाच गडी काम करायचा. पण चिऱ्याला भोकं असतात आणि तो पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा लागतो. आमच्याकडे खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना करायचे, तो भिजवून मुरवायचा, काही मेस्त्री त्यात गुळाचं पाणी घालायचे.

आता पुस्तकांशी याचा संबंध काय? पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक चार महिन्यांत. चुन्याचा गिलावा हवेतला ओलावा शोषतो आणि कोरड्या दिवशी सोडतो. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. जाड भिंतीमुळे दिवस-रात्रीच्या तापमानातला चढउतारही आत हळू पोचतो. कागदाला सर्वांत जास्त त्रास होतो तो या चढउतारानं. ओलावा सतत एकसारखा थोडा जास्त असला तर कागद सोसतो, पण रोज फुगला-आकसला तर सुटतो.

दुर्दैवानं मधल्या काळात गोव्यातल्या कितीतरी जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. बाहेरून नीटनेटका दिसतो. आतला ओलावा मात्र कोंडतो, मिठाचे पांढरे पापुद्रे फुटतात आणि कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर मागच्या ओळीतली पुस्तकं प्रथम बुरशी धरतात. मी एका खाजगी घरात, कुठल्या ते सांगत नाही, पन्नास वर्षांचा मासिकांचा संग्रह असा गेलेला पाहिला. कपाट हलवलं तेव्हा मागची फळी हाताला चिकटून आली.

ताळगावची आई

मी थोडं वेगळं सांगते. मला दोन मुलं आहेत, एक सात वर्षांचा, एक चार वर्षांची. आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. इन्स्टिट्यूटमधली जुनी लायब्ररी सुंदर असेल, पण आम्ही चौघं एकत्र तिथे गेलो असतो का? पाटोवर लिफ्ट आहे. मुलांचा वेगळा विभाग आहे, धाकटी तिथे खाली बसून चित्रांची पुस्तकं पसरते. सासूबाई मराठी कादंबऱ्यांत रमतात. अंध वाचकांसाठीही ब्रेलची सोय आहे. जुन्या इमारतीचं कौतुक करताना हे विसरू नये असं मनापासून वाटतं.

रायबंदरकर

ताई, तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. जुन्या इमारतीत शेवटच्या काळात जागा इतकी अपुरी पडली होती की वर्तमानपत्रांचे गठ्ठे उघडायलाही कोपरा शोधावा लागायचा. हलवणं गरजेचंच होतं. माझ्या आईला मी कधी तिथे नेलं नाही याची मला खंत आहे. तिला वाचायची फार आवड होती, पण ती म्हणायची, 'तें सरकारी घर, थंय आमी कित्याक वचप?' (तिथे आपण कशाला जायचं?)

डिचोलीचा बाइंडर

नमस्कार. माझा धंदा पुस्तकं बांधण्याचा. वडिलांपासून चालत आलेला. पंचायतीचे दप्तर, देवळांचे ताळेबंद, भटजींच्या पोथ्या, वकिलांचे खंड, सगळं बांधतो. चिरेखण भाऊंनी भिंतीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

लोकांना वाटतं जितकं जुनं पुस्तक तितकं नाजूक. उलट आहे. १७व्या, १८व्या शतकातला युरोपातला कागद चिंध्यांचा असायचा, मुख्यतः लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) कापडाचा लगदा. तो आजही वाकवला तर मोडत नाही. रायबंदरकरांनी पाहिलेलं प्रवचनांचं पुस्तक असंच असणार. १९व्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात आम्ल राहतं. तो पिवळा होतो, मग तपकिरी, मग पापडासारखा तुटतो. म्हणून लायब्ररीत सगळ्यांत आधी जाणार ती वर्तमानपत्रं. 'गाझेता द गोवा' १८२१ ची, तिचा कागद चिंध्यांचा. पण 'ओ हेराल्दो' १९०० चा, त्यापुढची सगळी पत्रं लगद्याच्या कागदावर. आणि मुक्तीनंतरची मराठी दैनिकंही. ती हाताळण्यापेक्षा त्यांचं स्कॅनिंग होणं जास्त गरजेचं आहे, आणि ते आधी व्हायला हवं. दुर्मीळ पोर्तुगीज ग्रंथांचं नंतर झालं तरी चालेल, ते टिकतील.

पाऊस लागला तर काय करायचं तेही सांगून ठेवतो, घरच्या पुस्तकांना उपयोगी पडेल. भिजलेलं पुस्तक उन्हात ठेवू नका, पुठ्ठे वाकडे होतात आणि पानं एकमेकांना चिकटतात. उभं करून पानं पंख्यासारखी हलकी उघडायची, दर वीस-पंचवीस पानांमागे टीपकागद घालायचा, कागद ओला झाला की बदलायचा. वर साधा पंखा मंद चालू. दोन-तीन दिवस लागतात. मग सपाट करून वर वजन. कसरीसाठी वेखंड आणि कडुलिंबाची सुकी पानं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, डांबराच्या गोळ्यांचा वास मला सहन होत नाही. पण खरा उपाय एकच, महिन्यातून एकदा पुस्तक हातात घेऊन झटकणं. हात लागलेल्या पुस्तकाला कसर कमी लागते.

पिसुर्लेची लेक

बाइंडर काका, हे सगळं वाचून ठेवलं आहे.

मी विद्यापीठाच्या लायब्ररीबद्दल लिहिते, कारण धागा पणजीपुरता राहू नये. गोवा विद्यापीठ १ जून १९८५ ला सुरू झालं. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, ते त्यात विलीन झालं. ताळगावच्या सड्यावर, जुवारीच्या मुखाकडे बघणाऱ्या उघड्या माळावर परिसर बांधला आणि त्याचा आराखडा केला सतीश गुजराल यांनी. ते मुळात चित्रकार आणि शिल्पकार, लहानपणी श्रवण गेलेलं, वास्तुकलेची पदवी नव्हती. जून-जुलैत त्या सड्यावर पाऊस आडवा येतो. छत्री उलटते. पणजीतली जुनी इमारत शहराच्या कुशीत दडलेली, ही मात्र उघड्यावर. ओलाव्याशी झगडा दोघींचा, पण तऱ्हा वेगळी.

मी इतिहासात एम. ए. करताना तिथे पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह पाहिला. आमच्याच सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे. जन्म १८९४, निधन १९६९. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे ते कितीतरी वर्षं प्रमुख होते. तो अभिलेखागार १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु यांच्या हाताखाली सुरू झालेला. मराठेशाहीच्या अभ्यासकांना पोर्तुगीज कागदपत्रांचं दार पिसुर्लेकरांनी उघडून दिलं. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा त्यांचा ग्रंथ पुणे विद्यापीठानं १९६७ साली काढला. त्यांनी जमवलेली पुस्तकं विद्यापीठाच्या लायब्ररीत वेगळी ठेवलेली आहेत. मी एक पुस्तक उघडलं तर समासात पेन्सिलीनं बारीक खुणा होत्या. कोणाच्या ते मला सांगता येणार नाही. पण मी त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसले. माझे आजोबा सांगायचे, आमच्या गावचा माणूस पोर्तुगीज भाषेत पोर्तुगीजांनाच त्यांचा इतिहास दाखवतो. त्या वेळी मला ते नुसतं अभिमानाचं वाक्य वाटायचं.

आणि कृष्णदास शामांबद्दल एक. नव्या इमारतीवर त्यांचं नाव का, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. केळोशीचे शामा. त्यांची 'श्रीकृष्णचरित्रकथा' १५२६ ची, मराठी ओवीबद्ध. त्याच केळोशीहून पुढे श्रीशांतादुर्गा कवळ्याला न्यावी लागली. गोव्यातल्या १६व्या शतकातल्या रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवलेल्या पोर्तुगालमध्ये, ब्रागाच्या ग्रंथालयात सापडल्या. आपलं साहित्य इथे उरलं नाही, तिथे उरलं. म्हणून पणजीच्या ग्रंथालयाला शामांचं नाव मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

चिरेखण

ताई, सड्याचं अगदी बरोबर. सडा म्हणजे वरूनच जांभा, पाणी मुरतं पण वारा अडवायला काही नाही. अशा जागी पश्चिमेकडची भिंत पावसाळ्यात सर्वांत आधी पाझरते. तिथे पुस्तकांची कपाटं नको, जिना नाहीतर व्हरांडा हवा. जुन्या गोवेकरांनी घराला बाल्कांव (दारापुढची छपराची ओसरी) आणि खोल पडवी दिली ती शोभेसाठी नाही, भिंतीवर पावसाचा थेट मार येऊ नये म्हणून.

पाटोची गोष्ट आणखी वेगळी. ती जमीनच खाडीकाठची, भराव घातलेली. पाया खोल, तळाकडून ओल. तिथे यंत्रांनी हवा थंड आणि कोरडी ठेवावीच लागते. फक्त एक काळजी. थंड खोलीचं यंत्र रात्री बंद केलं आणि सकाळी दमट हवा आत शिरली, तर थंडगार पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बारीक दव बसतं. फ्रीजमधली बाटली बाहेर काढल्यावर जसं. त्यामुळे दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीत तापमान अर्धवट थंड करण्यापेक्षा एकसारखं ठेवणं महत्त्वाचं.

मुंबईकर मराठी

आझुलेजोबद्दल कोणी सांगेल का? मी इन्स्टिट्यूटमध्ये एकदाच गेलो होतो, पण त्या फरशा डोळ्यांपुढून हलत नाहीत.

रायबंदरकर

'आझुलेजो' हा शब्द अरबीतून आला, घोटून गुळगुळीत केलेला दगड असा अर्थ. पोर्तुगालमध्ये जॉर्ज कोलासू नावाचे या कलेतले मोठे चित्रकार होते, त्यांनी त्या १९३५ मध्ये केल्या. प्रसंग पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले आहेत, वास्को द गामाच्या प्रवासाचे, आणि खाली त्यातल्याच ओळी. कामोंइश स्वतः १५५३ मध्ये गोव्यात आले होते. तेव्हा ही इमारतही नव्हती आणि पणजीही आजची नव्हती.

मला त्या चित्रांबद्दल दोन भावना आहेत आणि दोन्ही खऱ्या. विषय आमच्यावर राज्य करणाऱ्यांच्या गौरवाचा आहे. पण काम इतकं देखणं आहे की ते काढून टाकावं असं मला कधी वाटलं नाही. १९६३ मध्ये संस्थेचं नाव बदलून मिनेझिस ब्रागांझा केलं, स्वातंत्र्याच्या बाजूनं लिहिणाऱ्या पत्रकाराचं. फरशा तिथेच ठेवल्या. मला हे शहाणपणाचं वाटतं.

डिचोलीचा बाइंडर

रायबंदरकर, एक विनंती. परत गेलात तर ते पान उजेडासमोर धरून बघा, लायब्ररीवाल्यांची परवानगी घेऊन. चिंध्यांचा कागद असेल तर आडव्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या लांब लांब उभ्या रेघा दिसतील. ती चाळणीच्या तारांची खूण. आणि पानाच्या वरच्या कडेला काही हातानं लिहिलेलं आहे का तेही बघा. मठांतल्या पुस्तकांवर मालकी तिथे लिहीत असत.

रायबंदरकर

काका, आज जाऊन आलो.

परवानगी मिळाली. तिथल्या बाईंनी स्वतः पान धरलं, मला हात लावू दिला नाही आणि ते योग्यच. खिडकीकडे धरताच रेघा दिसल्या, तुम्ही सांगितल्या तशाच. आडव्या दाट, उभ्या विरळ. कागद अजून मऊ आहे, तीन शिक्के आणि कसरीचं भोक सोसूनही.

आणि वरच्या कडेला तपकिरी शाईची एक ओळ आहे. मागच्या वेळी मला ती डाग वाटली होती. 'दा लिव्रारिया द' एवढं स्पष्ट वाचता येतं, म्हणजे अमुक ग्रंथालयातलं. पुढचं नाव नाही. अक्षरांचे फक्त पाय उरलेत, डोकी कापली गेली आहेत. बाई म्हणाल्या, मध्ये कधीतरी पुस्तक नव्यानं बांधलेलं आहे.

डिचोलीचा बाइंडर

कटाईत गेलं. पूर्वी पुस्तक पुन्हा बांधताना तिन्ही कडा सरळ कापायची पद्धत होती, माझे वडीलही कापायचे. मी गेली वीस वर्षं वरची कड कापत नाही.

पाय उरलेत म्हणालात ना? त्यांचा फोटो मिळाला तर इथे टाका. एक अक्षर खाली लांब उतरलेलं असेल तर ते रोमन p किंवा j असू शकतं. पिसुर्लेच्या ताईंना जुनी पोर्तुगीज अक्षरं वाचता येतात का?

पिसुर्लेची लेक

थोडी येतात. फोटो टाका, बघते.